राहणे आणि टिकून राहणे : बेथलेहेममधील 'वॉल्ड ऑफ हॉटेल'ची समीक्षा

प्रस्तावना

कलावंताने आखलेले आणि सजवलेले लहान अतिथिगृह हा गेल्या काही दशकांत जगभरच्या जुन्या शहरांत रुजलेला वास्तुप्रकार आहे. मोजक्या खोल्या, प्रत्येक खोलीचे निराळे रूप, भिंतीवर छापील प्रतिकृतीऐवजी मूळ चित्र आणि खिडकीबाहेर शतकानुशतकांचे नगर ही त्याची सर्वसाधारण लक्षणे सांगता येतात. अशा अतिथिगृहांचा विचार बहुधा पर्यटन, व्यवस्थापन किंवा अंतर्गत सजावट या अंगांनी होतो. कलाकृती म्हणून त्यांची समीक्षा मात्र क्वचितच होते. या उपेक्षेचे एक कारण आस्वादाच्या स्वरूपात आहे. चित्रदालनातील प्रेक्षक कलाकृतीपुढे काही मिनिटे उभा राहतो आणि पुढे सरकतो. अतिथिगृहातील पाहुणा मात्र कलाकृतीच्या आत जेवतो, झोपतो, आंघोळ करतो आणि मुदत संपली की सामान उचलून निघून जातो. त्याचा मुक्काम हीच येथे आस्वादाची रीत असते. या रीतीला लागू पडतील असे समीक्षेचे निकष अद्याप पुरेसे घडलेले नाहीत.

प्रस्तुत लेखात पॅलेस्टाइनमधील बेथलेहेम या प्राचीन नगरात मार्च २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'वॉल्ड ऑफ हॉटेल' या अतिथिगृहाचा कलाकृती म्हणून विचार केला आहे. बँक्सी या टोपणनावाने वावरणाऱ्या, आपली ओळख कधीही जाहीर न करणाऱ्या ब्रिटिश चित्रकाराने ते उभारले. या अतिथिगृहाविषयी दोन ठाम मते आढळतात. एका मतानुसार तेथे इतरांच्या यातनांची करमणूक झाली आहे. दुसऱ्या मतानुसार जगाने दुर्लक्षिलेल्या प्रश्नाकडे लोकांचे पाय वळवण्याचे मोठे काम त्याने केले आहे. दोन्ही मतांत तथ्य आहे. तथापि दोन्ही मते भिंतीकडे पाहतात आणि पाहुण्याला विसरतात. मराठीतील 'राहणे' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. एक, तात्पुरता मुक्काम करणे. दुसरा, आहे त्या जागी टिकून असणे. हे दोन अर्थ एकमेकांसमोर उभे करण्यात या अतिथिगृहाचे कलात्मक सामर्थ्य आहे. जेथे हा भेद पुसट होतो तेथे त्याची कला दुबळी पडते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

नगर, उतारशाळा आणि भिंत

जेरुसलेमच्या दक्षिणेस साधारण आठ ते दहा किलोमीटरवर बेथलेहेम वसले आहे. नगराच्या हिब्रू नावाचा अर्थ 'भाकरीचे घर' असा सांगितला जातो. येथील जन्ममंदिर, म्हणजे येशूच्या जन्मस्थानी बांधलेले चर्च, चौथ्या शतकात उभे राहिले आणि सहाव्या शतकात त्याची पुनर्बांधणी झाली. २०१२ मध्ये हे चर्च आणि तेथवर जाणारा यात्रामार्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. संकटग्रस्त वारशाच्या यादीत त्याचे नाव २०१९ पर्यंत होते. यात्रा आणि पर्यटन हा या नगराच्या उपजीविकेचा मोठा आधार आहे.

या नगराची जगाला ठाऊक असलेली कथा ही मुळात मुक्कामाचीच कथा आहे, ही बाब येथे विशेष लक्षात घ्यावी लागते. लूकच्या शुभवर्तमानात साम्राज्याच्या आज्ञेनुसार नावनोंदणीसाठी निघालेले एक जोडपे बेथलेहेमला येते आणि त्यांना उतरायला जागा मिळत नाही. मराठी बायबलने या जागेसाठी 'उतारशाळा' हा अन्वर्थक शब्द योजला आहे. मूळ ग्रीक पाठातील 'कातालुमा' या शब्दाचा अर्थ पैसे घेऊन उतरू देणारी सराई असा नसून घरातील पाहुण्यांची खोली असा असावा, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. त्याच शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी हाच शब्द येतो, तर दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यातील सराईसाठी वेगळा शब्द येतो, हा या मताचा आधार होय. अर्थ कोणताही घेतला तरी साम्राज्याची आज्ञा, नोंदणी, प्रवास आणि नाकारलेला निवारा ही या कथेची सूत्रे बदलत नाहीत. आजच्या बेथलेहेममध्ये पाहुण्यांसाठी खोली उघडणे या कृतीमागे ही कथा अपरिहार्यपणे उभी राहते.

आजच्या नगराची दुसरी खूण म्हणजे भिंत. सप्टेंबर २००० मध्ये दुसरा इंतिफादा सुरू झाला. आत्मघातकी हल्ल्यांपासून नागरिकांचे रक्षण करण्यासाठी म्हणून इस्रायलने २००२ मध्ये अडथळ्याच्या बांधकामास आरंभ केला. या अडथळ्याचा बराचसा भाग १९४९ च्या युद्धविराम रेषेवर नसून वेस्ट बँकच्या आतून जातो. या कारणास्तव पॅलेस्टिनी लोक त्याकडे भूमी बळकावण्याचे साधन म्हणून पाहतात. ९ जुलै २००४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लागारी मतात व्याप्त प्रदेशातील हे बांधकाम आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध असल्याचे म्हटले. इस्रायलने ते मत मान्य केले नाही. बेथलेहेमच्या उत्तर बाजूस हा अडथळा सुमारे आठ मीटर उंचीच्या काँक्रीटच्या भिंतीचे रूप घेतो. यहुदी, ख्रिस्ती आणि मुस्लिम या तिन्ही धर्मीयांना पूज्य असलेली राहेलची कबर या भिंतीच्या वळणांत वेढली गेली आहे. जेरुसलेमकडे जाणारा तपासणी नाकाही जवळच आहे. परदेशी पर्यटक पारपत्र दाखवून तो ओलांडतो. बेथलेहेमच्या रहिवाशाला मात्र जेरुसलेमला जाण्यासाठी परवाना लागतो. 'वॉल्ड ऑफ हॉटेल' या भिंतीसमोर, काही मीटर अंतरावर आहे.

अतिथिगृहाची जडणघडण

बँक्सीचा या भिंतीशी संबंध हॉटेलपूर्वीचा आहे. २००५ मध्ये त्याने भिंतीच्या पॅलेस्टिनी बाजूवर चित्रे काढली. २००७ मध्ये इतर कलावंतांसह त्याने बेथलेहेममध्ये नाताळच्या सुमारास एक प्रदर्शनही भरवले. त्यानंतर दहा वर्षांनी आलेल्या हॉटेलच्या नावातच श्लेष आहे. 'वॉल्ड ऑफ' म्हणजे भिंतीने तोडलेले. उच्चारात मात्र ते न्यूयॉर्कच्या 'वॉल्डॉर्फ' या श्रीमंती हॉटेलची आठवण देते. 'जगातील सर्वांत वाईट देखावा' लाभलेले हॉटेल अशी त्याची जाहिरात करण्यात आली. खोल्यांना दिवसाकाठी पंचवीस मिनिटेच थेट ऊन मिळते, असेही उद्घाटनाच्या वेळी सांगण्यात आले. पर्यटन व्यवसायाची सारी भाषा 'देखावा' या एका शब्दाभोवती फिरते. तिचा सांगाडा तसाच ठेवून त्यातील आशय उलटा करणे ही या कृतीची पहिली कलात्मक युक्ती होय.

इमारत लहान आहे. आरंभी नऊ खोल्या आणि एक 'अध्यक्षीय' दालन अशी तिची रचना होती. काही खोल्या बँक्सीने, तर इतर खोल्या पॅलेस्टिनी कलावंत सामी मुसा आणि कॅनडातील मॉन्ट्रियलच्या कलावंत डॉमिनिक पेत्रँ यांनी रंगवल्या. तळमजल्यावर चहापानाचे दालन, भिंतीचा आणि प्रदेशाचा इतिहास सांगणारे छोटे संग्रहालय आणि वर पॅलेस्टिनी कलेचे दालन अशी जोड तिला देण्यात आली. संग्रहालयाच्या मांडणीत ब्रिटनमधील एसेक्स विद्यापीठाच्या गॅव्हिन ग्रिंडन यांचा सहभाग होता. सर्वांत स्वस्त निवासाचा, म्हणजे लष्करी बराकीसारख्या खोलीतील एका खाटेचा दर सुरुवातीला तीस डॉलर होता. संचालकांच्या म्हणण्यानुसार जागा अशी निवडली की इस्रायली नागरिकांनाही कायदा न मोडता तेथे येता यावे. वेस्ट बँकमधील पॅलेस्टिनी प्रशासनाच्या पूर्ण ताब्यातील भागात जाण्यास इस्रायली नागरिकांना मनाई आहे. हे ध्यानात घेता ही निवड केवळ व्यावहारिक ठरत नाही. पाहुणा म्हणून कोण येऊ शकतो, हा प्रश्न या वास्तूने पाया घालतानाच विचारला होता.

दिवाणखाना : साम्राज्याची बैठक

पाहुणा आत शिरतो तो ब्रिटिश वसाहतकाळातील उच्चभ्रू क्लबची आठवण देणाऱ्या दालनात. तेथे कोच आहेत, चहाची भांडी आहेत आणि आपोआप वाजणारा पियानो आहे. या नीटनेटकेपणात हळूहळू विसंगती दिसू लागतात. शिकारीत मारलेल्या जनावरांची मुंडकी जेथे टांगलेली असावीत तेथे पाळत ठेवणारे कॅमेरे आणि गोफणी टांगलेल्या आहेत. अभिजात शैलीतील अर्धपुतळा अश्रुधुराच्या लोटात गुरफटला आहे. छताला टांगलेल्या देवदूतांच्या तोंडावर प्राणवायूचे मुखवटे आहेत. संग्रहालयाच्या प्रवेशाशी आर्थर बाल्फोर यांची यांत्रिक आकृती बसवलेली असून ती कागदावर सही करीत राहते. २ नोव्हेंबर १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्याने पॅलेस्टाइनमध्ये यहुदी लोकांसाठी राष्ट्रीय भूमी निर्माण करण्यास ब्रिटनचा पाठिंबा घोषित केला होता. हॉटेल सुरू झाले ते या जाहीरनाम्याच्या शताब्दीच्या वर्षात.

या दालनाचे महत्त्व त्यातील उपहासापेक्षा त्याच्या रोखात आहे. भिंत पाहायला आलेला पाश्चात्त्य पर्यटक हा संघर्ष दोन परक्या समाजांमधील जुने वैर आहे, अशा समजुतीने येतो. दालन त्याला त्याच्याच आजोबांच्या बैठकीत नेऊन बसवते. चहा पिण्याची क्रिया येथे निरागस राहत नाही. ज्या व्यवस्थेतून हा प्रश्न निर्माण झाला, तिच्याच आसनावर आपण बसलो आहोत याची जाणीव त्याला व्हावी, अशी ही योजना आहे. जॉन अरी यांनी १९९० मध्ये 'पर्यटकाची नजर' ही संकल्पना मांडली. पर्यटकाचे पाहणे हे सहज नसते, ते सामाजिकदृष्ट्या घडवलेले असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. या दालनात ती नजर बाहेर पोहोचण्यापूर्वीच स्वतःकडे वळवली जाते. ज्या देशांनी स्वतः वसाहतवादी राजवट सोसली, तेथील वाचकाला या क्लबचे सामान ओळखीचे वाटेल. पारतंत्र्याच्या काळात अशा दालनांत कोणाला खुर्ची होती आणि कोण तबक घेऊन उभे होते, हे त्याला निराळे सांगावे लागत नाही.

खोल्या : शय्या आणि युद्ध

खोल्यांचे मूल्यमापन मात्र सरसकट करता येत नाही. सर्वाधिक प्रसिद्धी मिळालेल्या खोलीत पलंगाच्या वरच्या भिंतीवर इस्रायली सैनिक आणि पॅलेस्टिनी तरुण उशांनी एकमेकांशी झुंजताना दाखवले आहेत. पिसे उडत आहेत. चित्राची कल्पकता उघड आहे. पाहुणा ज्या उशीवर डोके टेकणार, तीच चित्रातील शस्त्र आहे. युद्धाचे रूपांतर पोरखेळात केल्याने क्षणभर हसू येते आणि हसण्याची लाजही वाटते. तरीही या चित्रात एक उणीव राहते. दोघांच्या हाती सारखीच उशी आहे. बाहेर मात्र एकाच्या हाती नाक्याचे फाटक आहे आणि दुसऱ्याच्या हाती परवान्याचा अर्ज. चित्रातील समतोल हा पाहुण्याला दिलेला दिलासा ठरतो. 'दोन्ही बाजू सारख्याच हट्टी' या आधीच्याच समजुतीवर तो निश्चिंत झोपू शकतो. दिवाणखान्याने जे अस्वस्थपण निर्माण केले ते येथे विरघळते.

याउलट बराकीची खोली चित्राविना अधिक बोलते. इस्रायली लष्कराच्या सोडून दिलेल्या बराकींतील सामान वापरून तिची मांडणी केली आहे. सर्वांत कमी पैसे देणारा पाहुणा सैनिकाच्या खाटेवर झोपतो. कोणाच्याही दुःखाचे चित्रण न करता केवळ एका वस्तूच्या स्थानांतराने येथे अर्थ साधला आहे. येथे झोपणाऱ्याला सैनिकाच्या जागी आपण असल्याची शारीरिक जाणीव होते आणि ती जाणीव सहानुभूतीइतकी सोपी नसते. अध्यक्षीय दालनात भ्रष्ट सत्ताधीशाच्या चैनीचे विडंबन आहे. त्यातील स्नानकुंडाला पाणी पुरवण्यासाठी गोळ्यांनी छिद्रे पडलेली टाकी योजली आहे. पॅलेस्टिनी घरांच्या छपरांवरील टाक्या हे तेथील अनियमित पाणीपुरवठ्याचे दृश्य चिन्ह आहे. ज्या वस्तूत शेजारचे कुटुंब दिवसांचे पाणी साठवते, ती येथे चैनीच्या स्नानाचा भाग होते. या विडंबनाचा बोचरेपणा पाहुण्याने शेजारची छपरे पाहिली असतील तरच जाणवतो. न पाहिल्यास उरते ती केवळ गंमत.

तात्पर्य, खोल्यांतील यशापयश चित्रणाच्या कौशल्यावर ठरत नाही. पाहुण्याचे स्थान उघड होते की झाकले जाते, यावर ते ठरते.

सौंदर्याचा आक्षेप

भिंतीवर चित्रे काढण्याविषयी मूलभूत आक्षेप बँक्सीने स्वतःच नोंदवून ठेवला आहे. भिंत सुंदर होऊ लागल्याबद्दल एका वृद्ध पॅलेस्टिनी गृहस्थाने नापसंती दर्शवली आणि चित्रकाराला घरी जाण्यास सांगितले, असा प्रसंग त्याने २००५ मध्येच सांगितला होता. या आक्षेपाचे उत्तर त्याच्या कलेने पुढे दिले आहे का, हे पाहणे अगत्याचे ठरते.

एका बाजूने पाहता हॉटेलची कल्पना हे त्याचे अंशतः उत्तर मानता येईल. येथे कला भिंतीवरून हटून भिंतीसमोरच्या घरात आली. भिंत जशी आहे तशी, देखावा म्हणून, उरली. दुसऱ्या बाजूने, हॉटेललगत 'वॉलमार्ट' या अमेरिकी दुकानसाखळीच्या नावावर कोटी करणारे एक दुकान सुरू झाले. त्यात पर्यटकांना भिंतीवर चित्र काढण्यासाठी रंग आणि स्टेन्सिल मिळू लागले. ज्या भिंतीला हात लावणे हे एकेकाळी धोक्याचे कृत्य होते, तीवर सहलीची आठवण म्हणून नाव रंगवता येऊ लागले. डीन मॅकॅनेल यांनी १९७६ मध्ये पर्यटकांसाठी उभ्या केल्या जाणाऱ्या 'रंगमंचीय अस्सलपणा'ची चर्चा केली होती. प्रतिकारही असा रंगमंचावर चढवता येतो, याचे हे उदाहरण म्हणावे लागेल. त्या वृद्धाचा आक्षेप येथे पूर्णपणे लागू पडतो.

याहून बोलका प्रसंग १ नोव्हेंबर २०१७ चा आहे. बाल्फोर जाहीरनाम्याच्या शताब्दीनिमित्त हॉटेलसमोर मुलांसाठी एक उपरोधिक चहापान योजण्यात आले. ब्रिटिश राणीच्या वेषातील व्यक्तीच्या हस्ते भिंतीवर कोरलेल्या क्षमायाचनेचे अनावरण झाले. ब्रिटिश ध्वजांची सजावट होती; मोठा केक होता. त्या वेळी काही स्थानिक पॅलेस्टिनी कार्यकर्ते तेथे आले आणि त्यांनी केकमध्ये पॅलेस्टिनी ध्वज रोवला. ब्रिटिश ध्वजांचा आणि मुलांचा असा वापर त्यांना मान्य नव्हता. उपरोध समजला नाही म्हणून हा विरोध झाला, असे म्हणणे उद्धटपणाचे होईल. उपरोध कळण्यासाठी ज्या सुरक्षित अंतराची गरज असते, ते अंतर त्यांच्यापाशी नव्हते. ज्याच्या घरावर आपत्ती आहे त्याच्या वतीने परक्याने विनोद करावा का, हा त्यांचा प्रश्न होता. समीक्षेच्या दृष्टीने पाहता त्या दिवशीची अर्थपूर्ण कृती नियोजित कार्यक्रमात नव्हती. ती केकमधील त्या ध्वजात होती. पाहुण्यांच्या सोहळ्यात रहिवासी न बोलावता आले आणि त्यांनी दृश्याचा ताबा घेतला.

यजमान कोण?

आतिथ्यावरील आपल्या चिंतनात झाक देरिदा यांनी अटींविना असलेले आणि अटींनी बांधलेले असे आतिथ्याचे दोन प्रकार वेगळे केले. दार उघडण्यासाठी घर आपल्या स्वाधीन असावे लागते. म्हणून प्रत्यक्षातील प्रत्येक आतिथ्य सत्तेशी जोडलेले राहते, हा त्यांच्या विवेचनाचा एक धागा आहे. बेथलेहेममध्ये हा धागा अधिक गुंततो. हॉटेलचे व्यवस्थापन आणि सेवकवर्ग स्थानिक पॅलेस्टिनी होता. पाहुण्याला चहा देणारा, संग्रहालय दाखवणारा, खोली आवरणारा हाच त्याचा प्रत्यक्ष यजमान होता. तथापि आपल्या नगराच्या वेशीवर त्याची सत्ता नव्हती. पाहुणा कोणत्या वाटेने आणि कोणाच्या परवानगीने येईल, हे तो ठरवू शकत नव्हता. जेरुसलेमहून आलेला पाहुणा जो नाका ओलांडून येई, तोच नाका यजमानाला परवान्याविना बंद होता.

दुसरा यजमान म्हणजे स्वतः चित्रकार. तो अनामिक आहे. ओळख लपवणे हे त्याच्या कलेचे वैशिष्ट्य आणि प्रसिद्धीचे भांडवलही आहे. या नगरात मात्र अनामिकपणाला वेगळा अर्थ प्राप्त होतो. येथील रहिवाशाला नाक्यावर ओळखपत्र दाखवल्यावाचून पुढे जाता येत नाही. ज्या समाजाला क्षणोक्षणी आपण कोण हे सिद्ध करावे लागते, तेथे नाव न सांगण्याचे स्वातंत्र्य हीच सर्वांत मोठी चैन ठरते. हॉटेलमधील कोणत्याही चित्रात हा विरोध रेखाटलेला नाही. कृतीच्या रचनेत तो अनभिप्रेतपणे उरला आहे आणि म्हणूनच समीक्षकाने तो नोंदवणे आवश्यक आहे.

या संदर्भात वरच्या मजल्यावरील पॅलेस्टिनी कलेच्या दालनाचे स्थान विचारात घ्यावे लागते. सुलेमान मन्सूर यांच्यासारख्या ज्येष्ठ चित्रकारांच्या कामाचा त्यात समावेश होता. मन्सूर यांचे १९७० च्या दशकातील एक चित्र सर्वपरिचित आहे : एक वृद्ध हमाल जेरुसलेम नगर दोरीने बांधून पाठीवर वाहून नेत आहे. चाकांची बॅग ओढत येणारा पाहुणा आणि नगर पाठीवर घेतलेला हमाल या दोन प्रतिमा शेजारी ठेवल्या की प्रस्तुत विषयाचे मर्म स्पष्ट होते. पहिल्याला नगरात राहायचे आहे. दुसऱ्याने नगर हरवू नये म्हणून ते अंगावर घेतले आहे. बँक्सीच्या नावाने येणाऱ्या पाहुण्याला या दालनापर्यंत नेणे हे हॉटेलचे श्रेय होय. बँक्सीच्या नावाविना ते दालन जगाला दिसू नये, ही जगाची उणीव होय.

आर्थिक अंगाचाही उल्लेख येथे करावा लागतो. हॉटेलमध्ये लावलेली, निर्वासितांची जीवरक्षक जाकिटे किनाऱ्यावर पसरलेली दाखवणारी तीन समुद्रचित्रे जुलै २०२० मध्ये लंडनच्या लिलावात २२ लाख पौंडांहून अधिक किमतीस विकली गेली. ती रक्कम बेथलेहेममधील रुग्णालयासाठी देण्यात यावयाची होती. कलेच्या बाजारातील मूल्य ज्या जागेमुळे वाढले त्या जागेकडे ते परत वळवण्याचा हा प्रयत्न होता आणि त्याला दिखाऊ म्हणून फेटाळता येणार नाही.

मुक्काम आणि सुमूद

'मुक्काम' हा मराठीत रुळलेला शब्द मुळात अरबी आहे. पॅलेस्टाइनमध्ये संतपुरुषांच्या स्थानांना 'मकाम' म्हणतात. म्हणजे तेथे हा शब्द कायमच्या वास्तव्याकडे झुकतो. मराठीत मात्र 'आजचा मुक्काम' असे म्हणताना उद्याचे निघणे गृहीत असते. पॅलेस्टिनी समाजजीवनात 'सुमूद' ही एक संकल्पना आहे. परिस्थिती कितीही प्रतिकूल झाली तरी आपली जमीन, घर आणि दैनंदिन व्यवहार न सोडता टिकून राहणे असा तिचा आशय आहे. सुमूदमध्ये शौर्याचा गाजावाजा नसतो. सकाळी दुकान उघडणे, जैतुनाची झाडे राखणे, मुलाला शाळेत पाठवणे ही त्याची रूपे आहेत. भिंतीसमोरचे हॉटेल रोज उघडणारा कर्मचारी अशा अर्थाने सुमूदच आचरत होता आणि त्याच छताखाली पाहुणा मुक्काम करीत होता.

पाहुण्याच्या मुक्कामातील निर्णायक क्षण, म्हणूनच, आगमनाचा वा भिंत पाहण्याचा नाही. तो निघण्याचा आहे. हिशेब चुकता होतो, किल्ली परत दिली जाते, पारपत्र खिशात जाते. एका रात्रीपुरती त्याने भिंतीखालची सावली अनुभवली. पण ती सावली सोडून जाण्याचा त्याचा हक्क एका क्षणासाठीही धोक्यात नव्हता. चित्रदालन हे दाखवू शकले नसते, कारण तेथे कोणी राहतच नाही. केवळ अतिथिगृहच हा अनुभव देऊ शकते. या माध्यमाची निवड येथे सार्थ ठरते ती या एका कारणाने.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलवर केलेल्या हल्ल्यानंतर गाझामध्ये युद्ध पेटले आणि वेस्ट बँकमधील हालचालींवर कडक निर्बंध आले. त्याच महिन्यात हॉटेलने आपली दारे बंद केली. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी बेथलेहेममध्ये नाताळचे सार्वजनिक सोहळे झाले नाहीत. पाहुण्यांवर जगणारे नगर पाहुण्यांविना उरले. या घटनेकडे कलासमीक्षेच्या अंगानेही पाहता येते. ज्या कलाकृतीचे माध्यम पाहुणा होता, ती पाहुणा येईनासा होताच थांबली. जिच्याविषयी ती बोलत होती, ती भिंत थांबली नाही आणि भिंतीमागचे रहिवासीही कोठे गेले नाहीत. राहणे या क्रियापदाचे दोन अर्थ तेव्हा पूर्णपणे वेगळे झाले.

समारोप

'वॉल्ड ऑफ हॉटेल'विषयीच्या वर उल्लेखिलेल्या दोन मतांचा या विवेचनाच्या आधारे फेरविचार करता येतो. हॉटेलने यातनांची करमणूक केली हा आक्षेप उशांच्या झुंजीच्या चित्राला, रंगाच्या दुकानाला आणि नोव्हेंबर २०१७ च्या चहापानाला लागू पडतो. तिन्ही ठिकाणी पाहुण्याला आपल्या स्थानाचा विसर पडू दिला जातो. दिवाणखाना, बराक आणि वरचे पॅलेस्टिनी दालन यांना तो लागू पडत नाही. कारण तेथे पाहुणा स्वतःच प्रश्नाचा विषय होतो. हॉटेलने लोकांना भिंतीपाशी आणले हे श्रेयही मर्यादित अर्थानेच स्वीकारावे लागते. भिंतीपाशी येणे आणि भिंतीमुळे कोणाचे काय अडले आहे हे समजणे यांत अंतर आहे. ते अंतर एका रात्रीच्या मुक्कामाने भरून निघत नाही. मात्र ते आहे एवढे कळले, तर कलाकृतीने आपले काम केले असे म्हणता येईल.

या उदाहरणावरून कलावंत-निर्मित अतिथिगृहांच्या समीक्षेसाठी एक निकष सुचवता येतो. खोली किती सुंदर आहे, वारसा किती जपला आहे, स्थानिक रोजगार किती वाढला आहे हे प्रश्न योग्यच आहेत. त्यांच्यासोबत आणखी एक प्रश्न विचारला जावा : येथे राहून गेलेल्या पाहुण्याला, आपल्या पाठीमागे येथेच राहिलेल्या माणसाची जाणीव ही वास्तू करून देते काय? जुन्या शहरांतील घरे झपाट्याने निवासाच्या धंद्यात ओढली जात असताना आणि मूळ रहिवासी तेथून हलत असताना हा प्रश्न बेथलेहेमपुरता उरत नाही.

'अतिथी' या शब्दाची एक पारंपरिक व्युत्पत्ती ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो, अशी दिली जाते. आजच्या पाहुण्याची येण्याची आणि जाण्याची अशा दोन्ही तिथी आधीच नोंदलेल्या असतात. बेथलेहेमच्या रहिवाशाला मात्र नाक्यापलीकडे जाण्याची तिथी परवाना हाती पडेपर्यंत ठाऊक नसते. ज्या नगराच्या कथेत निवारा नाकारला गेला, त्या नगरातील माणसे दोन सहस्रकांनंतर जगाला निवारा देऊ करतात आणि स्वतः मात्र वेशीवर थांबवली जातात. हा विरोधाभास कोणत्याही चित्रकाराने निर्माण केलेला नाही. चांगली कलाकृती त्याला झाकत नाही आणि समीक्षेनेही तो झाकू नये.